सोलापूरच्या हातमागाचा रचनाबदल

सोलापूर शहरातील हातमाग-विणकरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या परंपरागत मागात स्वीकारलेले फेरफार आणि त्यासाठी निरनिराळ्या सुधारित मागांमधून केलेली निवड. या काळात विणकरांपुढे एकाच वेळी अनेक प्रकारचे नवे माग ठेवण्यात आले. त्यांपैकी काही त्यांनी उचलले, काही नाकारले आणि काहींचा केवळ एखादा भाग घेऊन तो जुन्या मागास जोडला. हातमागाचा विणकर रूढीला चिकटून राहतो व नवे यंत्र स्वीकारत नाही, असे मत तत्कालीन सरकारी लेखनात वारंवार आढळते. सोलापूरचा अनुभव या मताला दुजोरा देत नाही. येथील विणकरांनी प्रत्येक मागाची पारख कापडाचा प्रकार, भांडवल, दुरुस्तीची सोय आणि घरातील जागा या कसोट्यांवर केली, असे दिसते.

पार्श्वभूमी : सोलापूर हे दख्खनच्या पठारावरील जुने व्यापारी ठाणे असून, मुंबईहून आग्नेयीकडे जाणारा लोहमार्ग १८६० मध्ये तेथे पोहोचल्यानंतर त्याचे महत्त्व वाढले. साळी, कोष्टी व मोमीन हे विणकर समाज शहरात व आसपास होतेच. एकोणिसाव्या शतकात तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या तेलंगण भागातून तेलुगू भाषिक पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झाले. दुष्काळ, गावाकडील कापडाची घटलेली मागणी आणि सोलापूरची वाढती बाजारपेठ ही या स्थलांतरामागील प्रमुख कारणे होत. शहराचा ‘पूर्व भाग’ या वस्तीमुळेच आकारास आला. पुढे सोलापुरातील हातमाग व्यवसायात पद्मशाली समाजाचे प्रमाण सर्वांत मोठे ठरले.

मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी (जुनी गिरणी) १८७७ मध्ये सुरू झाली. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू इ. गिरण्या निघाल्या. गिरण्या आल्यावर हातमाग मोडून पडतील, ही अपेक्षा येथे खरी ठरली नाही. गिरण्यांनी विणकराला एकसारखे सूत जवळच्या जवळ पुरविले आणि प्रारंभी त्यांचे कापड प्रामुख्याने साधे व जाडेभरडे राहिले. रंगीत, काठ-पदराचे नऊवारी लुगडे आणि चोळीचे खण ही हातमागाची खास क्षेत्रे होती. त्यांची मागणी महाराष्ट्रभर असल्याने सोलापूरचे विणकर टिकून राहिले, परंतु दर कमी ठेवण्याचा दबाव त्यांच्यावर वाढत गेला. थोड्या वेळात अधिक कापड कसे काढावे, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. मागाच्या सुधारणेची चर्चा याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

परंपरागत माग : सोलापुरातील जुना माग खड्ड्याचा होता. घराच्या ओटीवर किंवा आतल्या खोलीत जमिनीत खड्डा खणून विणकर त्याच्या कडेवर बसे. पाय खड्ड्यातील पावड्यांवर असत व त्यांच्या दाबाने ताण्याचे उभे धागे वरखाली होऊन मध्ये पोकळी पडे. या पोकळीतून विणकर धोटा एका हाताने फेकी व दुसऱ्या हाताने झेली. नंतर फणी पुढे ओढून आडवा धागा ठोकून बसविला जाई. धोटा फेकणे, झेलणे व फणी ठोकणे ही तिन्ही कामे दोन हातांनी आळीपाळीने करावी लागल्याने गती मर्यादित राही. कापडाचा पन्हाही हाताच्या पल्ल्यापलीकडे सहसा जात नसे. तथापि या मागाला खर्च अत्यल्प येई, तो कोणत्याही सुताराला करता येई आणि धाग्यावर ताण कमी पडत असल्याने नाजूक सूत व रेशीम त्यावर सुरक्षितपणे विणता येई.

या मागाभोवती सगळे कुटुंब कामाला लागलेले असे. स्त्रिया व मुले सूत उकलीत, कांड्या भरीत आणि ताणा लावीत. ताण्याला खळ देऊन कुंच्याने धागे साफ करण्याची ‘पांजणी’ पहाटे रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत चाले. त्यामुळे मागातील कोणताही बदल एकट्या विणकरापुरता मर्यादित राहत नव्हता. त्याची झळ किंवा लाभ घरातील प्रत्येक हाताला पोहोचत असे.

सुधारित मागांची स्पर्धा : इंग्लंडमधील जॉन के याने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचे एकस्व घेतले. या रचनेत फणी बसविलेल्या झुलत्या चौकटीच्या दोन्ही टोकांना पेट्या असतात. दोरीला हिसका देताच एका पेटीतील धोटा चौकटीवरील सपाट पट्टीवरून धावत दुसऱ्या पेटीत जातो. एक हात दोरीवर व दुसरा चौकटीवर राहत असल्याने काम अखंड चालते आणि पन्ह्याचे बंधनही सैल होते. भारतात ही रचना बंगालमधील श्रीरामपूर परिसरात आधीपासून वापरात होती. कलकत्त्याच्या कलाविद्यालयाचे प्राचार्य ई. बी. हॅवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा देशभर पुरस्कार केला. मद्रास इलाख्यात ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिचे प्रयोग केले व सेलम येथे विणकाम कारखानाही चालवून पाहिला. स्वदेशी चळवळीमुळे (१९०५) या प्रयत्नांना लोकांचे पाठबळ मिळाले.

मुंबई इलाख्यात या विषयावर पी. एन. मेहता यांनी १९०९ मध्ये हातमाग धंद्याचा अहवाल सादर केला. पुढे सहकार व उद्योग खात्यांनी फिरत्या विणकाम शाळा काढून गावोगाव प्रात्यक्षिके दाखविली. परंतु धावता धोटा हा एकच पर्याय विणकरापुढे नव्हता. सोलापूरच्या शेजारच्याच अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी स्थानिक साळी विणकरांचे काम पाहून एक नवा हातमाग तयार केला. तो ‘चर्चिल माग’ या नावाने ओळखला गेला. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी) भारतातील प्रमुख फ्रेडरिक बूथ-टकर यांनी त्यांचे सहकारी मॅक्सवेल यांच्या स्वयंचलित हातमागाचा प्रसार विणकाम शाळांमार्फत केला. इंग्लंडमधील कीथली येथील हॅटर्स्ली कंपनीचा लोखंडी ‘घरगुती माग’ही आयात होत असे. त्यात केवळ पायांनी पावड्या चालविल्या की मागाच्या सर्व क्रिया आपोआप होत. या साऱ्यांच्या जोडीला, १९०४ मध्ये इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केल्याने विणकाराच्या छोट्या व्यवसायातही यंत्रशक्ती येऊ शकते, हे दिसून आले होते.

प्रत्येक मागाचे पुरस्कर्ते दर दिवशी निघणाऱ्या कापडाच्या वारांचा हिशेब मांडीत. प्रदर्शनांमध्ये व स्पर्धांमध्ये कुशल चालकाच्या हाती हे माग वेगाने चालत आणि हॅटर्स्लीसारख्या मागाचा वेग धावत्या धोट्याच्या साध्या मागापेक्षा अधिकच असे. तरीही सोलापुरात रुजला तो धावत्या धोट्याचा साधा माग. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचा प्रसार वेगाने होऊ लागला आणि १९३० नंतरच्या दशकात शहरातील बहुसंख्य मागांवर तो आढळू लागला. इतर माग शाळा, मिशन व काही हौशी कारखानदार यांच्यापुरतेच उरले.

निवडीची कारणे : विणकरांची ही पसंती चार प्रमुख कारणांनी स्पष्ट होते.

(१) कापडाचा प्रकार : सोलापूरचे बहुतेक लुगडे मध्यम प्रतीच्या सुताचे असे. त्याच्या काठाची नक्षी मुख्यतः उभ्या धाग्यांतून साधली जाई, त्यामुळे आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ नेता येई. अशा कापडावर धावता धोटा साधारणपणे दीडपट ते दुप्पट काम देई. पैठणीची गोष्ट वेगळी होती. तिच्यात काठाचा व अंगाचा आडवा धागा वेगळ्या रंगाचा असून ते सांध्यावर एकमेकांत गुंतवावे लागतात. त्यासाठी अनेक धोटे हातानेच फिरवावे लागतात. पैठण व येवले येथील पैठणीच्या विणकरांना धावत्या धोट्याचा उपयोग नव्हता व त्यांनी तो घेतला नाही. एकाच प्रदेशातील दोन विणकरांचे निर्णय परस्परविरुद्ध असूनही दोन्ही आपापल्या जागी योग्य होते.

(२) खर्च व जोखीम : धावत्या धोट्याची चौकट जुन्या खड्ड्याच्या मागावरच बसविता येई व तिला काही थोडे रुपये पुरत. संपूर्ण नवा माग घ्यावयाचा तर एकरकमी भांडवल लागे. बहुसंख्य विणकर सूत सावकाराकडून किंवा कारखानदाराकडून उधार घेऊन तयार माल त्यालाच देत असल्याने असे भांडवल म्हणजे नवे कर्जच ठरे. लुगड्यांची मागणी लग्नसराई व सणांवर अवलंबून असल्याने वर्षातील काही महिने माग थंड असत. स्वस्त माग बंद राहिला तर नुकसान थोडे होई, तर महागड्या मागावरचे व्याज मात्र चालूच राही.

(३) दुरुस्ती : लाकडी चौकट व पेट्या पेठेतील सुतार तयार करून देई. लोखंडी दातेरी चाके व कळी असलेल्या मागाचा एखादा भाग मोडल्यास तो परगावाहून, प्रसंगी परदेशातून आणावा लागे. तोपर्यंत काम ठप्प होई. सुधारित मागांच्या पुरस्कर्त्यांच्या हिशेबात हा खोळंबा क्वचितच धरलेला असे.

(४) सवय व शरीरश्रम : धावत्या धोट्याने बैठक, पावड्या, फणी व ताण्याची मांडणी बदलत नव्हती. हाताची एक हालचाल तेवढी नव्याने शिकावी लागे व ती विणकर थोड्याच दिवसांत आत्मसात करी. पायांनी चालवावयाचा जड माग दिवसभर रेटणे अर्धपोटी विणकराच्या शक्तीबाहेरचे होते. शिवाय गतिमान मागावर धागा वारंवार तुटे. तो सांधण्यात गेलेला वेळ वजा केल्यावर प्रदर्शनातील वेग घरी हाती लागत नसे.

सरकारने नेमलेल्या हातमाग व गिरणी तथ्यशोधन समितीच्या (१९४२) पाहणीनुसार देशातील सुमारे २० लाख हातमागांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास मागांवर धावता धोटा आलेला होता आणि अन्य सुधारित मागांचे प्रमाण नगण्य होते. सोलापुरातील विणकरांचा कौल हा एकाकी नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. मात्र बदलाच्या गतीत हे शहर देशाच्या सरासरीपुढे होते.

परिणाम : विणण्याचा वेग वाढताच अडचण मागावरून मागील कामांकडे सरकली. धोट्याला कांड्या अधिक लागू लागल्या, ताणे लांब करावे लागले आणि रस्त्यावरची पांजणी अपुरी पडू लागली. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात धावत्या धोट्याने सूतकताईवर आणलेल्या ताणाशी याचे साम्य आहे. सूत गिरणीचे असल्याने सोलापुरात हा ताण सुताच्या पूर्वतयारीवर पडला. त्यातून ताणा लावणे, खळ देणे व रंगविणे ही कामे स्वतंत्र व्यावसायिकांच्या हाती गेली व त्यासाठी यंत्रे वापरात आली. घरातील स्त्रियांकडे असलेल्या कामांचा मोठा भाग अशा रीतीने घराबाहेर गेला. सोलापुरातील विणकर कुटुंबांतील असंख्य स्त्रिया पुढे विडी वळण्याच्या धंद्यात शिरल्या. विडी उद्योगाच्या वाढीची कारणे अनेक असली, तरी मागाभोवतीच्या घरकामाचा संकोच हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

दुसरा परिणाम मालकीविषयीचा होता. वेगवान माग व स्वतंत्र पूर्वतयारी यांमुळे एका छपराखाली अनेक हातमाग बसवून मजुरीने विणकर लावणे फायद्याचे झाले. असे ‘कारखाने’ सोलापुरात मोठ्या प्रमाणावर निघाले. त्यांचे मालक बहुधा विणकर समाजातीलच असत. विणकाराला मजुरी नगावर मिळत असल्याने वेग वाढला, की मिळकत वाढावयास हवी होती. परंतु माल अधिक निघताच नगाचा दर खाली ओढला जाई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ही घसरण तीव्र झाली. त्याच सुमारास गिरण्यांनी रंगीत काठाची लुगडी काढण्यास प्रारंभ केल्याने हातमागाचे राखीव क्षेत्रही उरले नाही. रा. गो. काकडे यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत केलेल्या सोलापुरातील विणकर समाजांच्या पाहणीत (१९४७) या कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचे तपशीलवार चित्र आढळते. मागाची निवड विणकराच्या हातात होती, त्या निवडीच्या लाभाची वाटणी मात्र त्याच्या हातात नव्हती, हे या इतिहासातील कटू सत्य आहे.

स्पर्धेला तोंड देण्यासाठी दोन महायुद्धांच्या दरम्यान सोलापुरात डॉबी व जॅकार्ड या जोडयंत्रांचा वापर वाढला. जोझेफ मारी जाकार या फ्रेंच संशोधकाने १८०४ च्या सुमारास तयार केलेल्या यंत्रात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मालिकेनुसार ताण्याचे धागे उचलले जातात. काठ-पदराची नक्षी त्यामुळे झपाट्याने निघू लागली. येथेही विणकरांनी जुनीच रीत पाळली. साऱ्या मागाची जागा नव्याला न देता त्यांनी जुन्या मागाच्या डोक्यावर हे जोडयंत्र चढविले.

यंत्रमागाचा स्वीकार : दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. वीज उपलब्ध झाली, गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग स्वस्तात मिळू लागले आणि युद्धकाळातील तेजीत काही कारखानदारांकडे भांडवल साचले होते. धावत्या धोट्याच्या बाबतीत लागू असलेल्या कसोट्या आता यंत्रमागाच्या बाजूने झुकल्या. किंमत आवाक्यात आली, दुरुस्ती करणारे कारागीर गिरण्यांच्या शहरात होतेच आणि तयार ताणे विकत मिळू लागले. नित्यानंद कानुनगो यांच्या अध्यक्षतेखालील वस्त्रोद्योग चौकशी समितीने (१९५४) हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर करावे, अशी शिफारस केली. दुसरीकडे केंद्र शासनाने काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवण्याचे धोरण आखले व १९८५ मध्ये त्यासाठी कायदाही केला. सोलापुरात प्रत्यक्षात यंत्रमागाचीच सरशी झाली आणि हातमाग मागे पडत गेला.

या टप्प्यावर कापडाचा ग्राहकही निर्णायक ठरला. नऊवारी लुगड्याची जागा गिरणीच्या व पुढे कृत्रिम धाग्याच्या पाचवारी साडीने घेतली. सोलापूरने लुगडे सोडून जाड सुती चादरीकडे व टॉवेलकडे मोर्चा वळविला. काठासाठी आणलेले जॅकार्ड यंत्र आता चादरीवरील मोर, फुले व भौमितिक आकृत्या विणू लागले. टिकाऊपणा व पक्का रंग यांमुळे सोलापुरी चादर घरोघरी पोहोचली. पुढे सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.

एकविसाव्या शतकात हीच निवड पुन्हा उभी राहिली आहे. धोट्याविना चालणारे रेपियर व हवेच्या झोताचे माग, पानिपत येथील कृत्रिम धाग्याची मऊ व हलकी पांघरुणे आणि आयात माल यांच्याशी सोलापूरच्या यंत्रमागाला सामना करावा लागतो. केंद्र शासनाची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना (१९९९) यंत्रे बदलण्यास साहाय्यभूत ठरली. तथापि लहान यंत्रमागधारकापुढील प्रश्न त्याच्या आजोबांच्या प्रश्नासारखाच आहे. नव्या मागाचा वेग त्याला दिसतो, पण कर्जाचा हप्ता, मागणीची अनिश्चिती व सुट्या भागांची सोय यांचाही हिशेब त्याला करावा लागतो.

मूल्यमापन : सुधारित हातमागांच्या इतिहासात संशोधकांची नावे व यंत्रांचे वेग यांची नोंद ठळकपणे होते, वापरणाऱ्यांच्या निर्णयांची नोंद क्वचितच होते. चर्चिल व मॅक्सवेल यांचे हेतू प्रामाणिक होते व त्यांची यंत्रेही कल्पक होती. परंतु त्यांच्या रचना स्वीकारण्यासाठी विणकराला आपले घर, हिशेब व सवयी एकदम बदलाव्या लागत होत्या. धावत्या धोट्याने जुने ठेवून त्यातील एकच अडचण दूर केली, म्हणून तो टिकला. पुढे परिस्थिती बदलताच याच विणकरांनी यंत्रमाग स्वीकारला, यावरून त्यांचा विरोध नावीन्याला नव्हता, हेही सिद्ध होते. मात्र माग योग्य निवडला म्हणून विणकराचे दारिद्र्य संपले, असे झाले नाही. उधारीचे सूत, नगावरील मजुरी व बाजारातील चढउतार हे मागाच्या रचनेबाहेरचे प्रश्न होते आणि चांगल्या धोट्याने ते सुटण्यासारखे नव्हते.